खाडीतल्या तिसऱ्या आणि परवाना: किती द्यायचे, त्याआधी कुणाच्या नावाने

नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका गावातून एका दादांनी विचारलं आहे. त्यांच्या गावच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या (चिखलातल्या खाण्याच्या शिंपल्या) आणि कालवं काढतात, सापडल्या तर चिंबोऱ्याही. आता माल कमी मिळतो, आकारही बारीक झाला आहे. त्यात काही वर्षांपासून बाहेरची माणसं टेम्पो घेऊन येतात आणि पोती भरून नेतात. मच्छीमार संस्थेच्या बैठकीत विषय निघाला आहे, की काढणीला परवाना लावावा. त्यांचे मुख्य प्रश्न दोन: परवाना लावला तर तिसऱ्या टिकतील का? आणि परवाने किती द्यावेत? शेवटी फी किती ठेवावी, हेही विचारलं आहे.

शिंपल्यांची मोजणी करायची आणि मच्छीमार संस्थांसोबत बसून काढणीचे नियम ठरवायचे, हेच माझं काम. ठाणे खाडीत केलंय, खाली कोकणातही. दादा, तुमच्या प्रश्नात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. माल कमी झाला ही एक, बाहेरचे येतात ही दुसरी. तिसरी तुम्ही लिहिली नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: तुमच्या गावात तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचं नाव आज कुठल्याही सरकारी कागदावर नाही. परवान्याचा विचार या तिसऱ्या गोष्टीपासून सुरू करा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आधी पहिलीचं बघू, कारण माल का घटला हे कळल्याशिवाय बाकी बोलण्यात अर्थ नाही.

माल घटण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि परवाना त्यातल्या एकाच कारणावर चालतो, जास्त काढणीवर. ठाणे खाडीत गाळ भरतोय, पूर्वीच्या उघड्या चिखलावर कांदळवन पसरलंय, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीतच येतं. यातलं काही कारण असेल, तर गावातल्या सगळ्या बायका वर्षभर घरी बसल्या तरी तिसऱ्या वाढणार नाहीत. उलट उपाशी राहतील त्या बायकाच.

हे ओळखायची रीत सोपी आहे आणि ती तुम्ही स्वतः करू शकता. लोखंडी सळईची किंवा पीव्हीसी पाइपची पन्नास सेंटिमीटर बाजूची चौकट करा. उधाणाच्या ओहोटीला, पाणी सगळ्यात लांब गेलेलं असताना, ती चिखलावर टाका. आतला चिखल वीतभर खोल काढून बारीक चाळणीत खाडीच्याच पाण्याने धुवा. चाळणीत राहील ते सगळं मोजा, अगदी हरभऱ्याएवढी पिल्लंसुद्धा. प्रत्येक शिंपलीची लांबी मोजून लिहा आणि परत चिखलात सोडा. वाफ्याच्या, म्हणजे तिसऱ्या मिळतात त्या पट्ट्याच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा निदान वीस-तीस चौकटी टाका. माल जिथे भरपूर आहे असं माहीत आहे तिथेच टाकू नका, नाहीतर आकडा फुगतो.

आता चाळणीत काय आलं ते वाचायचं. पिल्लं भरपूर आहेत पण मोठा माल दिसत नाही, तर काढणी जास्त होते आहे. इथे परवाना आणि त्यासोबतचे नियम कामी येतील. मोठ्या आहेत पण पिल्लं अजिबात नाहीत, तर नवं बी, म्हणजे नवी पिल्लं, बसत नाहीये. कारण पाण्यात किंवा तळाच्या चिखलात शोधावं लागेल. आणि रिकामे शिंपले, दोन्ही पाकळ्या बिजागरीला अजून जोडलेल्या, असे पुष्कळ निघाले तर तिसऱ्या जागच्या जागी मेल्या आहेत. काढलेली तिसरी चिखलात जोडशिंप मागे ठेवत नाही. पावसाळ्यात खाडीचं पाणी एकदम गोडं झालं तरी असं होतं, आणि सांडपाण्याचा लोंढा आला तरी. म्हणून हे जोडशिंप कधी दिसले, त्याची तारीख लिहून ठेवा. नालेवाल्यांशी भांडायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे आकार बारीक झाला पण तिसऱ्या मिळतात अजून, काढणीचा ताण आहे असा माझा अंदाज आहे. चौकट टाकून खात्री करा. ती झाली असं धरून पुढे लिहिते.

आपल्याकडे परवाना म्हटलं की होडी डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे, 2021 मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यातला परवाना नौकेला मिळतो. 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदीही यांत्रिक नौकांसाठी आहे. गुडघाभर चिखलात पाटी घेऊन उतरणारी बाई या सगळ्या चौकटीच्या बाहेर राहते. संस्थेचं सभासदत्वही बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतं, कारण होडी आणि जाळं त्याच्या नावावर. पूल, जेट्टी किंवा भराव झाला आणि नुकसानभरपाईची यादी बनली, की याच कागदांवरून बनते. चिखलात उतरणाऱ्या बाईचं नुकसान मग मोजलंच जात नाही, कारण ती तिथे काम करत होती याचा पुरावा काय, असं विचारलं जातं.

म्हणून परवाना माणसाच्या नावाने असावा, जी व्यक्ती स्वतः काढते तिच्या नावाने. घराच्या किंवा होडीच्या नावाने नको, ठेक्याने तर नकोच. तलावांची मासेमारी ठेक्याने जाते तशी खाडीतली शिंपल्यांची जागा ठेक्याने द्यावी, असं कुणीतरी बैठकीत नक्की सुचवेल. त्याला विरोध करा. जो पैसेवाला तो ठेका घेईल आणि आज स्वतःच्या मर्जीने ओहोटीला जाणारी बाई उद्या त्याच्याकडे किलोमागे मजुरी करेल.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथेही ओहोटीला पायी उतरून शिंपल्या काढतात, आणि काढणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच. त्यांचा परवाना वैयक्तिक असतो. विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. गावच्या मच्छीमार संघटनेतर्फे एक योजना प्रांत सरकारकडे जाते: कुठल्या वाफ्यावर, किती दिवस, माणशी दिवसाला कुठल्या जातीचे किती किलो. मंजूर झालेल्या योजनेप्रमाणेच काढणी होते. बी टाकणं, वाफा साफ ठेवणं, चोरट्या काढणीवर पाळत ठेवणं, ही कामंही परवानाधारक बायका पाळीपाळीने करतात. हे एका दिवसात झालेलं नाही. आधी तिथेही जो येईल तो काढत होता आणि माल बेभाव जात होता. परवाना आल्यावर त्या बायकांचं नाव कामगार म्हणून नोंदलं गेलं. मला या सगळ्यात तीच गोष्ट मोठी वाटते.

तुमच्या गावासाठी यातून घ्यायचं ते एवढंच की यादी आधी करा. गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष कोण कोण चिखलात उतरलं, घरोघर जाऊन लिहा. म्हाताऱ्या झाल्यामुळे आता फारशा जात नाहीत अशांना वगळू नका. त्यांना वाफ्याचा इतिहास माहीत असतो. लग्न होऊन गावात आलेली सून आणि लग्न होऊन शेजारच्या गावात गेलेली लेक, दोघींचं काय करायचं हे आत्ताच ठरवा, कारण भांडण पहिल्यांदा तिथेच होतं. मी सांगेन, जिथे राहते तिथला परवाना. आईचा किंवा सासूचा परवाना घरातल्या एकीला देता यावा, पण पैसे घेऊन दुसऱ्या कुणाला नाही.

आता किती परवाने, ते बघू. एक हिशेब करून दाखवते, आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. समजा तुमचा वाफा 10 हेक्टर, म्हणजे 1,00,000 चौरस मीटर. तुमची चौकट पाव चौरस मीटरची, म्हणून चौकटीतलं वजन गुणिले 4. समजा काढण्याजोगा माल दर चौरस मीटरला सरासरी 200 ग्रॅम निघाला. एकूण झाले 20,000 किलो. सावधपणे यातला चौथा हिस्सा वर्षात काढायचा ठरवला, तर 5,000 किलो. एक बाई एका ओहोटीला 5 किलो काढते आणि वर्षात 100 ओहोट्या करते, तर तिचे 500 किलो झाले. मग परवाने बसतात फक्त 10.

पण तुमच्या यादीत 40 बायका निघाल्या तर? 30 जणींना घरी पाठवायचं? इथेच बहुतेक योजना कोलमडतात. संख्या कमी करणं हा कागदावर सगळ्यात सोपा उपाय आहे आणि गावात सगळ्यात अन्यायाचा. तेच 5,000 किलो 40 जणींत वाटले, तर प्रत्येकीला वर्षाला 125 किलो, म्हणजे 5 किलोच्या 25 ओहोट्या. मग बंद दिवस वाढवायचे, एका ओहोटीचं वजन कमी करायचं, की काही महिने पूर्ण बंद ठेवायचे, हे बायकांनीच बसून ठरवायचं. उत्पन्न कमी होतंय हे खरं, त्यावर मालाच्या भावाकडे बघावं लागतं, ते पुढे सांगते. उलट परवाने 10 च ठेवले आणि माणशी वजनावर मर्यादा घातली नाही, तर त्याच दहा जणी, किंवा त्यांच्यामागे उभा असलेला व्यापारी, सगळा वाफा रिकामा करू शकतात. नुसता परवाना काढणाऱ्यांची संख्या ठरवतो. किती निघणार ते त्याला जोडलेल्या अटी ठरवतात.

आणि हा आकडा एकदा ठरवून दहा वर्षं ठेवता येत नाही. शिंपल्यांचं बी एखाद्या वर्षी चिखलभर बसतं, एखाद्या वर्षी बसतच नाही. म्हणून मोजणी दरवर्षी आणि मर्यादाही दरवर्षी नवी. परवानाधारकांची यादी मात्र स्थिर ठेवा.

अटी कशा असाव्यात यासाठी आपल्याच देशातलं उदाहरण बघा. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी कायल, म्हणजे समुद्राला मिळणारं खाडीसारखं सरोवर, आहे. तिथल्या तिसऱ्यांना परदेशी मागणी आली आणि 1991 पर्यंत वर्षाला सुमारे 10,000 टनांपर्यंत काढणी गेली. दोनच वर्षांत, 1993 मध्ये, ती निम्म्यावर आली. मग नियम बसवले: डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ पूर्ण बंद, जाळीच्या पिशवीचा आस (जाळीचं भोक) किमान 30 मिलिमीटर, यंत्राने काढणी नाही, आणि निर्यातीला मांसाच्या किलोमागे 1,400 पेक्षा जास्त नग भरतील इतका बारीक माल घ्यायचा नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीचा त्याला आधार होता. काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ, सरकारी खाती सगळे बसतील अशी एक परिषद झाली. 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिल्यांदा.

तो किलोमागे नगांचा नियम नीट बघा. तो काढणाऱ्याच्या मागे धावत नाही, घेणाऱ्याला बांधतो. बारीक माल विकलाच जाणार नसेल तर तो काढेल कोण? तुमच्याकडेही आकाराचा नियम असाच सोपा ठेवा. चिखलात उभ्या असलेल्या बाईने प्रत्येक तिसरी पट्टीने मोजावी ही अपेक्षा चुकीची आहे. ठरलेल्या आसाची चाळण सगळ्यांना द्या, काढलेला माल वाफ्यावरच तिच्यातून हलवायचा, जे खाली पडेल ते तिथेच राहील. इंग्लंडमध्ये खुब्यांसाठी (गोलसर शिंपल्या) अशीच 20 मिलिमीटर आसाची चाळण ठिकठिकाणी वापरतात. तुमचा आस किती हवा ते जातीवर आणि ती कुठल्या आकाराला पहिल्यांदा अंडी देते त्यावर ठरेल. बंदीचा काळही केरळचा जसाच्या तसा उचलू नका. आपल्या खाडीत पावसाचं गोडं पाणी हंगाम बदलून टाकतं. महिन्यातून एकदा काही तिसऱ्या उघडून मांस भरलेलं आहे की रिकामं, हे नोंदवत गेलात तर वर्षभरात तुमच्या वाफ्याचा हंगाम तुम्हाला कळेल. जुन्या बायकांना तो आत्ताही माहीत असेल, विचारा.

बाहेरच्यांचं आता. राग समजतो, पण दोन प्रकारचे बाहेरचे वेगळे करा. शेजारच्या गावाची किंवा पलीकडच्या काठाची बाई, जिची आई-आजी याच चिखलात यायची, ती एक. टेम्पो घेऊन मजूर उतरवणारा कंत्राटदार दुसरा. अमेरिकेत मेन राज्यात शिंपल्यांचे वाफे गावोगावच्या पालिका सांभाळतात आणि राज्याच्या परवान्याबरोबर गावाचाही परवाना लागतो. पण तिथे गावाला पूर्ण दार लावून घेता येत नाही. रहिवाशांना जितके परवाने दिले, त्याच्या निदान 10 टक्के बाहेरच्यांसाठी ठेवावे लागतात. कित्येक गावांत परवान्याच्या बदल्यात बी टाकण्याच्या किंवा मोजणीच्या कामाला ठराविक तास द्यावे लागतात. ही पद्धत मला फार पटते. पैशापेक्षा हाताचं काम मागा. जो फक्त उपसायला आला आहे तो मोजणीला येणार नाही.

कंत्राटदाराला मात्र काढणाऱ्याचा परवाना देऊच नका. त्याच्यावर नोंदणी लावा ती खरेदीदार म्हणून. इंग्लंडच्या मोरकॅम खाडीत 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री खुबे काढायला नेलेले निदान 21 चिनी मजूर भरतीत बुडाले. त्यांना पाण्याची वेळ माहीत नव्हती आणि नेणाऱ्याला त्यांची पर्वा नव्हती. त्याच वर्षी तिथे मजूर पुरवणाऱ्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला आणि त्यात शिंपल्यांची काढणी स्पष्टपणे घातली गेली. आपल्याकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. टेम्पोतून आलेल्या पोरांना तुमच्या खाडीतली कुठली पाण्याची वाट आधी भरते हे ठाऊक नसतं. हा मुद्दा बैठकीत मांडा, पोलिसांपुढेही मांडा. शिवाय शे-दोनशे हातांवर लक्ष ठेवण्यापेक्षा तीन-चार टेम्पोंवर ठेवणं केव्हाही सोपं. जेट्टीवर एकच वजनाची जागा, परवाना क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पोत्याला, चिठ्ठीशिवाय माल उचलायचा नाही. मालाचा भाव सगळ्या बायकांनी मिळून त्या वजनकाट्याशीच ठरवला, तर कमी किलोंतही जास्त पैसे हातात येतात.

चिठ्ठीवरून एका विषयावर यायलाच हवं, तो बैठकीत कुणी काढणार नाही. शिंपल्या पाणी गाळून खातात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. अमेरिकेत 1924 च्या हिवाळ्यात कालवांतून विषमज्वर पसरला आणि पुढच्याच वर्षी तिथला शिंपल्यांच्या स्वच्छतेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून तिथे परवाना माणसाइतकाच जागेशी जोडलेला आहे: ज्या पाण्याची तपासणी झाली तिथलाच माल विकायचा, आणि प्रत्येक पोत्याला कुणी, कधी, कुठून काढलं याची चिठ्ठी. विकणाऱ्याने ती 90 दिवस जपून ठेवायची. युरोपात मांसाच्या 100 ग्रॅममागे ई-कोलाय हे मैल्यातले जिवाणू 230 पर्यंत असतील तर माल थेट खाता येतो. 4,600 पर्यंत असतील तर आधी स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून शुद्ध करावा लागतो.

टाकीने जिवाणू जातात. शिसं, कॅडमियम, पारा असे धातू दोन दिवसांच्या टाकीने जात नाहीत. तुमचा वाफा कारखान्यांच्या नाल्याजवळ असेल, तर परवान्याच्या आधी मांसाची तपासणी करून घ्या. संस्थेच्या शिक्क्याचा परवाना म्हणजे घेणाऱ्याला वाटणार की माल खाण्याजोगा आहे. तपासणी वाईट आली तर वाफ्याचा तेवढा भाग खाण्यासाठी बंद ठेवावा लागेल. हे सांगणं अवघड आहे, पण त्या तिसऱ्या सगळ्यात आधी तुमच्याच घरातली मुलं खातात. तो अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे न्यायलाही उपयोगी पडेल.

जागेचा कायदा गावागणिक बदलतो. ऐरोली पूल ते वाशी पूल यांमधला भाग 2015 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 1,690 हेक्टरचं. तुमचा वाफा त्यात असेल तर नुसतं मत्स्यव्यवसाय विभागाशी बोलून भागणार नाही, वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागेल. 2022 मध्ये खाडी रामसर स्थळ झाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारातली महत्त्वाची पाणथळ जागा. रामसरच्या कल्पनेत पाणथळीचा शहाणपणाने वापर बसतो, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, तो अर्जात घाला. अभयारण्याबाहेर असाल तर जैवविविधता कायदा, 2002 बघा. त्याखाली महापालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. आपल्या हद्दीत व्यापारासाठी जैविक संसाधनं गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार कलम 41 तिला देतं. टेम्पोवाल्यांना बांधायला हा धागा उपयोगी आहे. संस्थेने स्वतःच्या ठरावाने दिलेलं परवान्याचं कार्ड सुरुवातीला फक्त गावापुरतं चालेल, बाहेरच्यावर कारवाई त्याने होणार नाही. पण दोन वर्षांच्या नोंदी असलेलं कार्ड घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाणं आणि रिकाम्या हाताने जाणं यात फार फरक पडतो.

फी किती, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाममात्र ठेवा, कार्ड छापण्याचा आणि चाळणीचा खर्च निघेल एवढीच. नूतनीकरण मात्र फीवर सोडू नका, वहीवर ठेवा: तारीख, वाफा, किती किलो, कुणाला विकलं. लिहिता न येणाऱ्यांसाठी वजनकाट्यावर शाळा-कॉलेजातली एखादी मुलगी बसवा. वही भरलेली नसेल तर पुढच्या वर्षीचं कार्ड नाही, हा एकच नियम कडक असू द्या.

चौकटीची पहिली मोजणी एप्रिल-मेच्या उधाणाला करा, दुसरी पाऊस सरून खाडीचं पाणी पुन्हा खारं झाल्यावर. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले की पावसाने किती नेलं आणि हातांनी किती, याचा अंदाज येईल. बैठकीत परवान्यांच्या संख्येवर मतदान त्यानंतर घ्या. बायकांची यादी मात्र याच महिन्यात सुरू करा, तिला ओहोटीची वाट बघायला नको.